सूर्यास्ताची हिरवी चमक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्य बुडताना शेवटच्या क्षणी हिरवा दिसतो, असं सांगितलं की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, "काहीतरीच!" दुसरा म्हणतो, "मी पाहिलंय की," आणि बऱ्याचदा त्याने पाहिलेलं दुसरंच काहीतरी असतं. दोन्ही बाजूंनी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. इंग्रजीतलं 'ग्रीन फ्लॅश' हे नाव सगळीकडे चालतं. मराठीत ठरलेला असा शब्द नाही, म्हणून मी 'हिरवी चमक' म्हणतो.

नेमकं दिसतं काय?

समुद्रसपाटीजवळ उभे असाल आणि पाणी हवेपेक्षा थोडं उबदार असेल, तर खेळ असा चालतो. सूर्य क्षितिजाच्या अगदी जवळ आला की पाण्यातून दुसरा सूर्य वर येतोय असं वाटतं. दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि बिंबाला खाली बैठक फुटते, पाटावर ठेवलेल्या घटासारखी. मग घट खचत जातो. शेवटी क्षितिजाच्या किंचित वर एक चपटी, दोन्ही टोकांना निमुळती अशी पिवळी फट उरते. आता डोळा हलवायचा नाही. त्या फटीची टोकं आधी हिरवी होतात, रंग दोन्हीकडून मध्याकडे सरकतो, फट आक्रसते आणि विझते. हे सगळं एक-दोन सेकंदांत उरकतं.

आकार विचाराल तर हात लांब करून धरलेल्या सुईच्या नेढ्याएवढा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हीच गोष्ट निराश करते. पण रंग मात्र विलक्षण असतो. पानांचा नाही, पाचूचाही नाही. सिग्नलच्या हिरव्या दिव्याच्या जवळ जाणारा, आतून पेटलेला हिरवा.

म्हणजे आकाश हिरवं होत नाही?

नाही. आकाश हिरवं झालेलं दाखवणारं चित्र किंवा व्हिडिओ दिसला तर ती संगणकाची करामत समजा. चमकीच्या वर उभा प्रकाशझोत निघाल्याची वर्णनं आहेत, त्याला 'हिरवा किरण' म्हणतात. पण तो या सगळ्या कुटुंबातला सर्वांत दुर्मीळ सदस्य.

असं का होतं?

वातावरण हे फार कमकुवत लोलकासारखं वागतं. क्षितिजाजवळचा प्रकाश हवेतून येताना सुमारे ३४ कलांनी वाकतो (एक अंश म्हणजे ६० कला). सूर्याचं बिंब आहे साधारण ३२ कलांचं. हिशेब करून पाहा: बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य पूर्ण बुडालेला असतो. आपण पाहतो ती त्याची उचललेली प्रतिमा.

आता सगळे रंग सारखे वाकत नाहीत. तांबडा कमी, हिरवा त्याहून थोडा जास्त, निळा-जांभळा सर्वांत जास्त. त्यामुळे खरं तर एक सूर्य नसतोच. वेगवेगळ्या रंगांची बिंबं एकमेकांवर किंचित सरकवून ठेवलेली असतात, तांबडं सर्वांत खाली. बुडण्याची पाळीही त्याच क्रमाने येते. तांबडं बिंब आधी जातं, मग नारिंगी, मग पिवळं. नारिंगी-पिवळ्या पट्ट्याला ओझोन आणि पाण्याची वाफही वाटेत खातात, त्यामुळे तांबड्या आणि हिरव्याच्या मधला भाग आणखी विरळ होतो. शेवटी मागे राहतो तो हिरवा.

मग निळं का दिसत नाही? तो तर सर्वांत वर असायला हवा.

असतो, पण पोचत नाही. क्षितिजावरचा प्रकाश डोक्यावरच्या प्रकाशाच्या जवळजवळ ३८ पट हवा ओलांडून येतो. लहान तरंगलांबीचे रंग त्या प्रवासात इकडेतिकडे विखुरले जातात. दिवसाचं आकाश ज्या कारणाने निळं, त्याच कारणाने शेवटच्या किरणातून निळा वजा. हवा कमालीची स्वच्छ असेल तर चमक निळसर दिसते, कधी चक्क निळी.

हे जर रोज घडतं, तर रोज दिसत का नाही?

प्रश्न बरोबर आहे, आणि अनेक पुस्तकांतलं स्पष्टीकरण लोलकापाशीच थांबतं म्हणून तो उरतो. नुसत्या अपस्करणाने (रंग वेगवेगळे वाकण्याने) तयार होणारी हिरवी कड सुमारे अर्ध्या कलेची, किंवा त्याहूनही बारीक असते. माणसाच्या चांगल्या डोळ्यालाही एका कलेपेक्षा लहान तपशील वेगळा दिसत नाही. म्हणजे हिरवी कड रोज असते, दुर्बिणीला दिसते, पण नुसत्या डोळ्याला नाही.

ती दिसण्याइतकी मोठी करतं ते मृगजळ. हवेच्या थरांत तापमान झपाट्याने बदलत असेल तर प्रतिमा उभ्या दिशेने ताणली जाते आणि ती बारीक कड चांगली रुंद होते. पाण्यालगतच्या उबदार हवेचं मृगजळ एका प्रकारची चमक देतं, तीच वर वर्णिलेली. उंचावर उभे असाल आणि तुमच्या खाली थंड हवेवर उबदार हवेचा थर असेल, तर दुसरा प्रकार दिसतो. त्यात बिंबाच्या वरच्या कडेतून हिरवे तुकडे सुटून विरतात, आणि सूर्य अजून बराच वर असतानाच. तिसरा प्रकार अशा उष्ण-थंड थराच्या अगदी खाली डोळा असेल तेव्हाचा. तो फार क्वचित, पण मिळाला तर पंधरा-पंधरा सेकंद टिकतो.

सॅन डिएगोचे खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू यंग यांनी या प्रकारांची वर्गवारी करण्यात वर्षानुवर्षं घालवली. 'हिरवी चमक' ही एक घटना नाही, अनेक घटनांचं एक नाव आहे, हे त्यांच्या कामामुळे पक्कं झालं.

हा डोळ्यांचा भास तर नाही?

एकोणिसाव्या शतकापासून हा वाद आहे. जेम्स प्रेस्कॉट जूल, ज्याचं नाव आपण ऊर्जेच्या एककात घेतो, त्याने १८६९ मध्ये बुडत्या सूर्याचा शेवटचा अंश निळसर हिरवा दिसतो असं लिहिलं होतं. संशयी लोकांचं म्हणणं असं, की लालभडक सूर्याकडे टक लावून पाहिल्यावर डोळा थकतो आणि नंतर विरुद्ध रंग दिसतो, बाकी काही नाही.

याला दोन उत्तरं. पहिलं, चमक सूर्योदयालाही दिसते, तेव्हा डोळा थकायचा प्रश्नच नसतो. दुसरं, ती फिल्मवर येते. कास्टेल गांडोल्फो इथल्या व्हॅटिकन वेधशाळेतून काढलेली रंगीत छायाचित्रं ओकॉनेल या जेझुइट खगोलशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये पुस्तकरूपात प्रसिद्ध केली, आणि निव्वळ भासाची बाजू तिथे पडली.

पण गंमत अशी की संशयी लोक अगदीच चुकीचे नव्हते. मावळतीला बराच वेळ सूर्याकडे पाहिलं की डोळ्यातली तांबड्याला प्रतिसाद देणारी रंगद्रव्यं फिकी पडतात आणि पिवळा प्रकाशही हिरवा वाटतो. त्यामुळे शेजारच्या माणसाच्या कॅमेऱ्यात पिवळा ठिपका आणि तुमच्या डोळ्यात हिरवा, असं खरोखर होऊ शकतं. दोघंही खोटं बोलत नसतात. चित्रकाराला यातून जे सुचेल ते भौतिकशास्त्रज्ञाला सुचणार नाही, पण त्याबद्दल पुढे.

जास्तीत जास्त किती वेळ?

विषुववृत्तावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, सेकंदाला १५ विकला. अर्ध्या कलेची, म्हणजे ३० विकलांची पट्टी दोन सेकंदांत संपणारच. जसजसं ध्रुवाकडे जाल तसतसा सूर्य तिरपा उतरतो आणि वेळ वाढतो. १९२९ मध्ये रिचर्ड बर्ड यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतल्या लोकांना 'लिटल अमेरिका' तळावर सूर्य क्षितिजाला घासत चालला असताना ही चमक थांबून थांबून सुमारे ३५ मिनिटं दिसत राहिली. एवढा वेळ मिळाल्यावर त्यांना कंटाळा आला का, हे मला फार विचारावंसं वाटतं.

पाहायची कशी?

क्षितिज स्पष्ट आणि शक्यतो तुमच्या डोळ्यांच्या पातळीखाली हवं. समुद्र सर्वांत सोपा. विमानाची खिडकी, उंच कडा, सपाट वाळवंट हेही चालतं.

सूर्याचा रंग पाहून अंदाज बांधा. मावळायला आलेला सूर्य कुंकवासारखा लाल असेल आणि त्याच्याकडे आरामात पाहता येत असेल, तर घरी जा. हवेतल्या धुळीने हिरवा आधीच गिळलेला आहे. सूर्य अगदी क्षितिजापर्यंत पिवळा आणि डोळ्यांत खुपणारा राहिला, तर थांबा. गंमत म्हणजे फोटोत सुंदर दिसणारे सूर्यास्त आणि चमक देणारे सूर्यास्त सहसा वेगळे असतात. ढगांची आरास, जांभळं-केशरी आकाश बघायला लोक जमतात. चमकीला हवा असतो एक रिकामा, कंटाळवाणा, धुतल्यासारखा सूर्यास्त.

तोपर्यंत सूर्याकडे पाहू नका. एक तर डोळ्यांना इजा होते, आणि वर सांगितल्याप्रमाणे रंगाची पारखही जाते. बिंबाचा अगदी शेवटचा तुकडा उरेपर्यंत बाजूला बघा. दुर्बीण किंवा कॅमेऱ्याच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्य वर असताना अजिबात नाही. यात 'थोडंसं चालतं' असं काही नसतं.

एक युक्ती आवडीची आहे. वाळूवर पोटावर झोपा, हनुवटी हातांवर. चमक दिसली की ताबडतोब उभे राहा. डोळा सव्वा मीटरभर वर गेला की तुमचं क्षितिज किंचित खाली जातं आणि बुडालेला सूर्य काही सेकंदांसाठी परत मिळतो. उष्ण कटिबंधात हा फायदा साधारण पाच सेकंदांचा. म्हणजे एका संध्याकाळी दोन सूर्यास्त, आणि नशीब असेल तर दोन चमकी. मी हे करताना दोनदा पाय घसरून तोंडावर पडलो आहे, तेव्हा आधी सराव करा.

माझ्या मोबाइलच्या फोटोत सूर्याजवळ हिरवा गोळा आलाय. हीच का ती?

नव्वद टक्के पत्रं याच प्रश्नाची असतात असं मला वाटायला लागलंय. नाही, ती नाही. तो भिंगांच्या आतल्या परावर्तनाचा ठिपका. ओळखायची सोपी पद्धत: फोटोचा मध्यबिंदू धरा. ठिपका आणि सूर्य त्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूंना, सारख्या अंतरावर असतील. मोबाइल हलवा, ठिपका उलट दिशेला पळेल. खरी चमक क्षितिजाला धरून असते, आकाशात तरंगत नाही.

मोबाइलने खरी चमक टिपणं अवघडच. सेन्सरवरच्या सूर्याचा व्यास काढायला फोकल लेंग्थला ११० ने भागा. मोबाइलच्या मुख्य भिंगाची खरी फोकल लेंग्थ पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे अख्खा सूर्यच मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने तो साडेतीन मिलिमीटरहून मोठा मिळतो, मग चमकीला जागा होते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्या आणि एक्स्पोजर कमी ठेवा. जास्त झालं की हिरवा रंग जळून पांढरा होतो.

स्कॉटलंडची जुनी दंतकथा आहे म्हणे, की ही चमक पाहणाऱ्याला आपलं आणि दुसऱ्याचं मन कळतं?

ही कथा जगभर पोचवली ज्यूल व्हर्नने, १८८२ च्या 'ल रेयाँ व्हेर' म्हणजे 'हिरवा किरण' या कादंबरीत. ती त्यानेच रचली असावी असं अभ्यासकांचं मत आहे. मला ते पटतं, कारण दंतकथा कथानकाच्या मापाने बेतलेली वाटते.

नायिका हेलेना कॅम्पबेल. तिचं लग्न ठरवायच्या मागे लागलेले दोन मामा, सॅम आणि सिब. त्यांनी निवडलेला मुलगा अॅरिस्टोब्युलस उर्सिक्लोस हा सगळ्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण देणारा असह्य विद्वान. हेलेना अट घालते: हिरवा किरण पाहिल्याशिवाय लग्न नाही. मग ओबान, आयोना, स्टाफा असा प्रवास होतो. कधी ढग आडवे येतात, कधी पक्ष्यांचा थवा, कधी नेमक्या क्षणी एखादं शीड. शेवटी किरण उमटतो. सगळ्यांना दिसतो. फक्त हेलेना आणि ऑलिव्हर सिंक्लेअर या तरुण चित्रकाराला दिसत नाही, कारण त्या क्षणी ते एकमेकांकडे बघत असतात.

मला या शेवटाचं नेहमी कौतुक वाटतं. चमकीवर लिहिलेली सर्वांत प्रसिद्ध कादंबरी, आणि तिच्यात नायक-नायिका चमक पाहतच नाहीत. दोघांपैकी एकजण चित्रकार असूनही!

चित्रपटात आणि कलेत ती आणखी कुठे आहे?

एरिक रोमेरने १९८६ मध्ये व्हर्नचंच नाव घेऊन चित्रपट केला आणि व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळवला. कथा अगदी वेगळी. देल्फिन ही पॅरिसमधली एकटी मुलगी. सुट्टीचा बेत फिसकटलाय आणि ती इथून तिथे भटकतेय. कुठेच रमत नाही, जरा किरकिरीच आहे. बियारित्झला काही वयस्कर मंडळी व्हर्नच्या कादंबरीवर गप्पा मारत बसलेली असतात, ते तिच्या कानावर पडतं. शेवटी सेंट-ज्याँ-द-ल्यूझच्या किनाऱ्यावर, नुकत्याच ओळख झालेल्या तरुणाशेजारी बसून ती सूर्य बुडायची वाट पाहते. बराचसा चित्रपट उत्स्फूर्त संवादांवर, १६ मिमीवर चित्रित झालेला, माहितीपटासारखा खरबरीत. त्यामुळे शेवटच्या त्या मिनिटाला प्रेक्षकही तिच्याबरोबर क्षितिजाकडे डोळे ताणतो.

टॅसिटा डीन या ब्रिटिश कलावतीचं २००१ चं 'द ग्रीन रे' हे काम मला या सगळ्यांत जवळचं वाटतं. सुमारे अडीच मिनिटांची मूक फिल्म. डीन मादागास्करच्या पश्चिम किनाऱ्यावर गेल्या होत्या. त्या वर्षी जूनमध्ये तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. तिथे समुद्रावर त्यांनी १६ मिमी कॅमेरा लावून सूर्यास्त चित्रित केला. शेजारी दोघेजण व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभे होते. त्यांनी लगेच आपली टेप लावून पाहिली, चमक नव्हती. म्हणून त्यांनी ठरवलं की ती झालीच नाही. डीन यांची फिल्म धुऊन यायची होती. ती आली, पडद्यावर फिरली, तेव्हा चमक होती. पण कुठल्याही एका चौकटीत बोट ठेवून दाखवता येत नाही. फिल्म चालू असतानाच ती दिसते, थांबवली की नाही. आणि बघताना आपलं असं होतं की "आत्ता दिसली का? की मला वाटलं?" म्हणजे किनाऱ्यावर जे होतं तेच अंधाऱ्या दालनात होतं.

मार्सेल द्युशाँ या कलावंताने १९४७ च्या पॅरिसमधल्या अतिवास्तववादी प्रदर्शनासाठी याच नावाची मांडणी कल्पिली होती. जहाजाच्या खिडकीसारख्या गोल झरोक्यातून समुद्र आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ पाहायची.

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या २००७ च्या भागात हिरवी चमक म्हणजे मेलेला आत्मा परत आल्याची खूण. पडद्यावर ती एवढी मोठी आहे की खरी पाहायला गेलेली मुलं हिरमुसतात.

मला हे चित्रात आणायचंय. कसं?

समोर बसून नाही जमणार. कुंचला उचलेपर्यंत मॉडेल गेलेलं असतं. आठवणीतून रंगवावं लागतं, आणि आठवण नेहमी मोठी करते. खऱ्या प्रमाणात काढायचं तर मीटरभर रुंद कॅनव्हासवर तो जेमतेम एक टिंब होईल. हे टिंब चित्राचा विषय आहे हे बघणाऱ्याला कळावं कसं, ही खरी अडचण.

दुसरी अडचण रंगाची. कुठलाही ट्यूबमधला हिरवा स्वतः उजेड देत नाही. तो उजेड आजूबाजूने उसना आणावा लागतो. क्लोद मोनेच्या १८७२ च्या 'इंप्रेशन, सनराइज'मधला नारिंगी सूर्य आठवा. त्या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण त्याची आणि भोवतालच्या राखाडी आकाशाची उजळता सारखीच आहे. फरक फक्त रंगाचा. म्हणूनच तो बघताना थरथरतो. हिरव्यासाठीही हेच करून बघा: भोवती मळकट नारिंगी-तपकिरी, उजळता हिरव्याइतकीच. शुभ्र आकाश आणि भडक हिरवा घेतलात तर बटण चिकटवल्यासारखं दिसेल.

तिसरा मार्ग थोडा लबाडीचा आहे. हिरवा लावूच नका. मोठ्या तांबड्या-नारिंगी पट्ट्याच्या मधोमध तटस्थ राखाडीचा बारीक ठिपका ठेवा. जरा वेळ पाहिलं की डोळा स्वतःच तो हिरवट करतो. किनाऱ्यावरही निम्मं काम डोळाच करत असतो.

चंद्राला, शुक्राला अशी चमक येते का?

हो, दोघांच्याही नोंदी आहेत. शुक्र मावळताना दुर्बिणीतून बघा.

सूर्योदयाला पाहायची असेल तर?

तिथे डोळा ताजा असतो, रंग शुद्ध दिसतो. फक्त चमक आधी येते आणि सूर्य नंतर, त्यामुळे क्षितिजाच्या नेमक्या कुठल्या बिंदूवर नजर रोखायची हे आधी माहीत हवं. आदल्या दिवशी त्याच जागेवर उभं राहून, समोरच्या एखाद्या खडकाच्या किंवा खांबाच्या किती डावीकडे सूर्य उगवला ते टिपून ठेवा. नजर बिंबाच्या रुंदीएवढी जरी चुकली तरी ती कोपऱ्यात काहीतरी हिरवं लुकलुकल्यासारखी होते, मान वळवेपर्यंत पिवळा सूर्य डोळ्यांत येतो, आणि शेजारचा विचारतो, "दिसली?"